फळ्याचा फोटो

एका शहराबाहेर, हमरस्त्याला लागून, एक ट्रान्सपोर्ट कंपनी होती. पुढे कचेरी, मागे गोदाम, आणि गोदामाच्या भिंतीवर एक पांढरा फळा. कोणती गाडी कधी सुटली, कुठे पोचली, कुठे अडकली, ते सगळे त्या फळ्यावर लिहिलेले असे. वेळेवर चाललेल्या गाड्या निळ्या शाईत, रखडलेल्या गाड्या लाल शाईत.

पूर्वी कचेरीतली माणसे उठून मागे जात आणि फळा बघून येत. मग कचेरीत चॅट आले. सगळ्यांच्या संगणकावर एकच ग्रुप झाला. गोदाम सांभाळणारा तरुण दिवसातून दोनदा फळ्याचा फोटो काढून ग्रुपवर टाकू लागला. सगळ्यांचे हेलपाटे वाचले.

त्याच सुमारास कचेरीत एक मुलगी नोकरीला लागली. तिला जन्मापासून दिसत नव्हते. मालकांनी तिला घेतले ते तिचे काम पाहून. मुलाखतीच्या वेळी त्यांनी तिच्यापुढे गाड्यांची भली मोठी यादी उघडून दिली आणि विचारले, "यात कोणत्या बिलाची मुदत सगळ्यात आधी संपते?" ती कानाला हेडफोन लावून बाणाच्या कळांनी यादीतून खाली खाली गेली आणि मालकांचा चहा संपायच्या आत तिने गाडीचा नंबर सांगितला. नंबर बरोबर होता.

तिला तेच काम मिळाले. साधारणपणे 50,000 रुपयांच्या वरचा माल गाडीत चढला की त्याचे ई-वे बिल काढावे लागते. त्या बिलाला मुदत असते. 200 किलोमीटरला 1 दिवस, असा हिशेब. गाडी वाटेत बंद पडली आणि मुदत संपत आली, तर ती वाढवून घेता येते; पण कधीही नाही. मुदत संपण्याच्या आधीचे 8 तास आणि नंतरचे 8 तास, तेवढ्यातच. मध्यरात्री संपणारे बिल असेल, तर दुपारी 4 पासून दुसऱ्या दिवशी सकाळी 8 पर्यंत. ती वेळ हुकली आणि गाडी तशीच पुढे निघाली, तर तपासणीत अडते, आणि दंड भरायची वेळ येते. मुलीने सगळ्या गाड्यांच्या मुदतींवर लक्ष ठेवायचे, ड्रायव्हरांना फोन करायचे, आणि गरज पडली की मुनीमकाकांना सांगायचे. मुनीमकाका सरकारी पोर्टलवर जाऊन मुदत वाढवून घेत.

तिच्या संगणकावर एनव्हीडीए नावाचे सॉफ्टवेअर होते. पडद्यावर जे असेल, ते हे सॉफ्टवेअर बोलून दाखवी. ऑस्ट्रेलियातल्या एका अंध तरुणाने, मायकल करन याने, ते 2006 साली लिहायला घेतले. त्याला जेम्स तेह हा दुसरा अंध मित्र येऊन मिळाला. दोघांची ओळख लहानपणी, अंध मुलांच्या संगीत शिबिरात झाली होती. असली सॉफ्टवेअरे तेव्हा फार महाग होती, म्हणून या दोघांनी आपले फुकट वाटायचे ठरवले. ते फुकट होते म्हणूनच ती मुलगी कॉलेजात असताना संगणक शिकू शकली. नाहीतर तिच्या वडिलांच्या पगारात ते बसले नसते.

कचेरीतली माणसे भली होती. कुणी तिला चहा जागेवर आणून देई, कुणी संध्याकाळी रस्ता ओलांडून देई. गोदामातल्या तरुणाने पहिल्याच आठवड्यात तिचा हेडफोन कानाला लावून पाहिला आणि लगेच काढला.

"ताई, हे काय बोलतंय? मला तर नुसती गुणगुण ऐकू येतेय."

"सवयीनं वेग वाढवत नेलाय मी," ती म्हणाली. "हळू ऐकत बसले तर दिवस पुरायचा नाही."

याद्या, पत्रे, फोन, यांत तिला काही अडत नव्हते. अडे ते चॅटमध्ये.

चॅट उघडले की एक कळ दाबून ती संदेशांच्या रांगेत जाई. वरच्या बाणाने एक संदेश मागे, खालच्या बाणाने एक पुढे. दर संदेशाला आधी पाठवणाऱ्याचे नाव, मग मजकूर, मग वेळ. हे चांगलेच होते. पण लोक एक वाक्य चार तुकड्यांत पाठवत. "अहो", "ते", "इंदूरचं", "बघितलं का". तिला प्रत्येक तुकड्याबरोबर पुन्हा नाव आणि पुन्हा वेळ ऐकावी लागे. देवनागरीत लिहिलेले मराठी तो आवाज मराठीसारखे वाचे. पण लोक मराठी इंग्रजी अक्षरांत लिहीत आणि तो आवाज ते इंग्रजी समजून वाचे. मग साध्या वाक्याचे असे काही कडबोळे होई, की ती बाण थांबवून एकेक अक्षर ऐके आणि मनात जुळवून घेई. कुणी पाच अंगठे पाठवले, तर आवाज पाच वेळा अंगठा म्हणे.

फळ्याचा फोटो आला, की आवाज फाइलीचे लांबलचक नाव वाचे, त्यातला एकेक आकडा वाचे, आणि म्हणे, "ग्राफिक." चित्रातली अक्षरे ओळखायची एक सोय एनव्हीडीएमध्ये होती. इंग्रजी छापील कागदाचा सरळ फोटो असला, तर ती बऱ्यापैकी चाले. फळ्यावर मात्र चार जणांचे हस्ताक्षर, पुसून पुन्हा लिहिलेले, आणि वर ट्यूबलाइटची चकाकी. त्यातून काही निघत नसे.

तिने एकदा सगळ्यांना सांगितले, "फोटोबरोबर खाली जरा लिहाल का? आणि जमलं तर मराठीत, एका दमात."

"हो हो, नक्की," सगळे म्हणाले. दोन दिवस सगळ्यांनी लिहिले. तिसऱ्या दिवशी घाई होती. मग रोजच घाई होऊ लागली.

तिने पुन्हा विचारले तेव्हा तरुण म्हणाला, "ताई, लिहायला कशाला पाहिजे? मी वाचून दाखवतो ना तुम्हाला."

आणि तो खरोखरच वाचून दाखवू लागला. फोटो टाकला की कचेरीत येई, तिच्या टेबलाशी उभा राही आणि फोनमध्ये बघून सांगे. "नाशिकची पोचली. सोलापूरची निघाली. बाकी काही विशेष नाही." कधी तो घाईत असला, की दारातूनच ओरडे, "आज काही नाही हो ताई तुमच्या कामाचं!" तिला त्याचा राग येत नसे. तो काम सोडून येत होता, त्यात खोट नव्हती. पण "काही विशेष नाही" म्हणजे काय, हे तिला प्रत्येक वेळी विचारावेसे वाटे, आणि प्रत्येक वेळी विचारायचा तिला संकोच वाटे. कुणी आपल्यासाठी चार पावले चालत आल्यावर त्याची झडती घ्यायची कशी?

पावसाळ्याच्या तोंडाला इंदूरला एक गाडी गेली. 560 किलोमीटर, म्हणजे बिलाला 3 दिवस. तिसऱ्या दिवशी गाडी दुपारी पोचायची होती आणि मुदत रात्री 12 ला संपायची होती. मुलीच्या यादीत हे सगळे होते.

त्या दिवशी दुपारी 4 वाजता तरुणाने फळ्याचा फोटो टाकला. फळ्यावर खालून दुसऱ्या ओळीत, लाल शाईत, लिहिले होते: इंदूर, धुळ्याच्या अलीकडे, क्राउन गेला, सुटा भाग उद्या. फोटो सगळ्यांनी पाहिला. दोघातिघांनी अंगठे दिले. मुलीने ग्रुपवर विचारले, "फोटोत काय आहे?" तरुण तेव्हा हमालांच्या गडबडीत होता. तो दारात आला आणि म्हणाला, "रोजचंच आहे ताई. तुमच्या कामाचं काही नाही."

फळ्यावर बिलाचा उल्लेखच नव्हता, मग त्याला ते तिचे काम कसे वाटावे? गाडी बंद पडली म्हणजे मेकॅनिकचे काम, असे त्याने धरले.

संध्याकाळी तिने ड्रायव्हरला फोन लावला. लागला नाही. घाटात असेल, असे तिला वाटले. ती घरी गेली. ड्रायव्हर गॅरेजात बसून होता आणि त्याच्या फोनची बॅटरी उतरली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी 9 च्या सुमाराला गाडी दुरुस्त झाली आणि निघाली. दुपारी तपासणीला अडली. बिलाची मुदत रात्रीच संपली होती आणि वाढवायची वेळही सकाळीच सरली होती. गाडी दोन दिवस तिथेच उभी राहिली. दंड भरावा लागला, आणि मालाचा धनी चार शब्द बोलला ते वेगळेच.

मालकांनी सगळ्यांना बोलावले. ते रागीट नव्हते. मुलीला ते म्हणाले, "बाळ, तुझी काही चूक नाही. आमचीच चूक झाली. इतकं धावपळीचं काम तुझ्यावर टाकायला नको होतं. उद्यापासून तू फोनवर बस. येणारे फोन घ्यायचे आणि जोडून द्यायचे. पगार तोच राहील."

मुलीचा चेहरा उतरला. ती म्हणाली, "मालक, मुदत माझ्या यादीत होती. गाडी बंद पडल्याचं मला कळलं असतं, तर मी 4 वाजताच काकांना सांगितलं असतं."

"पण ग्रुपवर आलं होतं ना," कुणीतरी म्हणाले. "सगळ्यांनी बघितलं."

मुनीमकाका कोपऱ्यात बसले होते. त्यांनी चाळीस वर्षे याच धंद्यात काढली होती. ते उठले आणि मुलीच्या टेबलाशी गेले. "पोरी, त्या दिवशीचा ग्रुप लाव. हेडफोन काढ. आवाज सगळ्यांना ऐकू येऊ दे. आणि जरा हळू कर."

तिने हेडफोनची वायर काढली, वेग उतरवला, आणि त्या दिवशीच्या सकाळपासून एकेक संदेश खाली जायला लागली.

सगळी कचेरी ऐकू लागली. नाव, "अहो", वेळ. तेच नाव, "ते", वेळ. पुन्हा तेच नाव. कुणीतरी इंग्रजी अक्षरांत लिहिलेले मराठी वाक्य आले आणि आवाजाने त्याचे जे केले, ते ऐकून दोघे हसले. ज्याने ते लिहिले होते, त्यालाही आपलेच वाक्य ओळखू आले नाही. मग अंगठे आले, एकामागून एक. मग जोडलेले हात. लोकांची चुळबूळ सुरू झाली. नुसते ऐकतच इतका वेळ जाईल, असे कुणाला वाटले नव्हते.

मग 4 वाजताचा संदेश आला. तरुणाचे नाव. फाइलीचे नाव, आकडा, आकडा, आकडा, आकडा. "ग्राफिक." वेळ.

आवाज थांबला.

"पुढे?" मुनीमकाकांनी विचारले.

"संदेशात पुढे काही नाही, काका," मुलगी म्हणाली. "एवढंच."

"आणि गाडी?"

"गाडी त्या फोटोत आहे."

तरुणाने मान खाली घातली. मग म्हणाला, "मी सांगितलं असतं हो. मला वाटलं, ते ताईंच्या कामाचं नाही."

मुनीमकाका म्हणाले, "तुझ्या मनात खोट नाही, हे तिलाही माहीत आहे. पण तिच्या कामाचं काय आणि काय नाही, हे तू ठरवलंस. ते तिला ठरवू द्यायचं होतं."

मग ते मालकांकडे वळले. "मालक, मी नोकरीला लागलो तेव्हा आपण ट्रंक कॉल लावायचो. इंदूरच्या माणसाला मी फळा दाखवू शकत होतो का? फोनवर ओरडून सांगायचो. गाडी नंबर अमुक, ड्रायव्हर अमुक, अमुक ठिकाणी बंद, कारण अमुक. तो तिकडून परत म्हणून दाखवायचा. तेव्हा गाड्या चुकल्या नाहीत. फोनवर सांगतोय असं समजून ग्रुपवर लिहा. दुसरं काही करायला नको. तिचं काम तिच्याकडेच राहू दे."

मालकांनी थोडा विचार केला आणि हो म्हटले.

बदल एका दिवसात झाला नाही. चांगल्या गोष्टी जमायला नेट लागतो. तरुणाला फळ्याशी उभे राहून सगळ्या गाड्या टाइप करायच्या म्हणजे डोक्याला ताप वाटे. पहिल्या आठवड्यात त्याने दोनदा नुसता फोटो टाकला. पूर्वी मुलीने हे सोडून दिले असते. आता तिने ग्रुपवर सरळ लिहिले, "फोटोतलं लिहून टाक. मी थांबलेय." आणि ती खरोखर थांबली, उठून कुणाला विचारायला गेली नाही. मुनीमकाकांनी कोपऱ्यातून खाकरून तरुणाकडे बघितले. त्याने लिहिले.

पुढे त्याला युक्ती सापडली. फोनमध्ये मराठी कीबोर्ड होताच, त्यावर माइकचे चित्र होते. फळ्याशी उभे राहून तो बोले आणि फोन देवनागरीत लिही. चुकलेला एखादा शब्द तो हाताने नीट करी. आता संदेश असा येई: "नागपूरची गाडी, अमरावतीच्या पुढे, दोन तास उशीर, टायर फुटला, बदलून निघाली." एका गाडीला एक संदेश, खाली गाडीचा नंबर. ज्यांना सवय होती, ते अजून अंगठे देत, पण एकच. काही बोलायचे असेल, तर शब्दांत बोलत.

तिचा आवाज हे सगळे भरभर वाचून टाकी. बंद पडलेल्या गाडीचे नाव ऐकले, की ती आपली यादी उघडी, मुदत बघे आणि मुनीमकाकांना हाक मारी. त्या पावसाळ्यात तीन-चार गाड्या वाटेत रखडल्या. मुदतीसाठी एकही अडली नाही.

दिवाळीच्या आधी एका गिऱ्हाइकाने तक्रार केली. माल उशिरा पोचला आणि आपल्याला कुणी कळवले नाही, असे त्याचे म्हणणे होते. मालकांनी ग्रुपवर त्या गाडीचा नंबर शोधायला टाकला. कधी कुठे थांबली, का थांबली आणि गिऱ्हाइकाला कधी फोन केला, ते सगळे एका क्षणात पुढे आले. मग त्यांनी उन्हाळ्यातली दुसरी एक गाडी शोधून पाहिली. काहीच आले नाही. त्या दिवसांचे नुसते फोटो होते, आणि फोटोतला नंबर शोधून सापडत नाही.

मालक खूश होऊन म्हणाले, "काका, हे तर सगळ्यांच्याच फायद्याचं निघालं! आधीच करायला हवं होतं."

मुनीमकाका म्हणाले, "फायदा झाला ते चांगलंच झालं, मालक. पण आपला काडीचा फायदा झाला नसता, तरी लिहायलाच हवं होतं. तिच्या कामाची खबर तिला मिळते, एवढं कारण पुरे."

मुनीमकाका बोलले ते मला फार महत्त्वाचे वाटते. वाचून दाखवणारा माणूस कितीही प्रेमळ असो, काय वाचायचे आणि काय गाळायचे, हे त्याच्या हातात राहते. आणि काय गाळले, हे ऐकणाऱ्याला कधी कळत नाही. आपण हात धरून रस्ता ओलांडून देतो, चहा पुढे ठेवतो, त्यात आपल्याला बरे वाटते आणि त्यात वावगे काही नाही. पण बरोबर काम करणाऱ्या माणसाला जे सगळ्यांना मिळते ते, त्याच वेळी आणि पूर्ण मिळाले पाहिजे. त्यातले आपल्या उपयोगाचे काय, ते त्याचे त्याला निवडता येते.

त्याच आठवड्यात एका सकाळी तरुणाने ग्रुपवर लिहिले, "कोल्हापूरची गाडी भरून तयार, दहा मिनिटांत सुटेल," आणि खाली गाडीचा नंबर टाकला. मुलीने तो ऐकला आणि पुन्हा ऐकला. मग बिल उघडून त्यावरचा गाडीचा नंबर अक्षर-अक्षर ऐकला. तिने लिहिले, "थांब. बिलावर दुसऱ्या गाडीचा नंबर आहे. शेवटचे दोन आकडे वेगळे आहेत. गाडी बदललीस का?"

तरुणाने गोदामातून उत्तर दिले, "हो ताई. रात्री पहिल्या गाडीचा ब्रेक धरत नव्हता. माल दुसऱ्या गाडीत घेतला. बिलावर बदलायचं राहिलं."

"मग सोडू नकोस. काकांना सांगते."

तिने मुनीमकाकांना हाक मारली. त्यांनी पोर्टलवर नवा नंबर चढवला आणि ग्रुपवर तसे लिहिले. तरुणाने ड्रायव्हरला हात केला आणि गाडी फाटकाबाहेर पडली.